परसातील कोंबड्या आणि शेजारधर्म

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौसर हा महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेला टापू बोलीने, सणवारांनी आणि शेतीने नागपूर-वऱ्हाडशी जोडलेला आहे. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून हे तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. कचेरीचा कारभार हिंदीत चालतो. घरातली आणि गल्लीतली भाषा मात्र पुष्कळ ठिकाणी मराठी आहे. कापूस, मका आणि संत्री पिकवणाऱ्या या मुलखात परसात चार कोंबड्या असणे नवे नाही. बदलली आहे ती वस्तीची दाटी. जेथे दोन घरांमध्ये सांदवाडी असे, तेथे आता अनेकदा सामाईक भिंत असते. त्यामुळे कोंबडी एकाची, आणि तिचा आवाज, वास व रोग मात्र दोघांचे, अशी स्थिती निर्माण होते.

परसातील कुक्कुटपालनात उत्पन्नाचे गणित सोपे असते. अवघड असतो तो शेजार. त्या दृष्टीने कोंबड्या आणण्यापूर्वी आणि नंतर कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा. गोव्यातील वाड्यांवर गावठी कोंबड्या पाळणाऱ्या वाचकांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडेल.

किती आणि कोणत्या?

चार-पाच माणसांच्या घराला अंड्यांसाठी पाच-सहा कोंबड्या पुरतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते, वरचेवर खुडूक होते, पण काटक असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी विकसित केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती तिच्यापेक्षा अधिक अंडी देतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याची मागणी वाढली आहे. मात्र कडकनाथ कोंबडी अंड्यांसाठी फारशी उपयोगी नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे किमान दोन ते तीन चौरस फूट आणि दिवसा फिरण्यासाठी जाळीच्या आत आठ ते दहा चौरस फूट जागा असावी. एवढी जागा नसेल तर पक्ष्यांची संख्या कमी करावी. दाटीत ठेवलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, ओरडतात आणि लवकर आजारी पडतात. हे तिन्ही प्रकार शेजाऱ्याच्या लक्षात आल्याशिवाय राहत नाहीत.

खुराड्याची जागा ठरवताना आपल्या सोयीइतकाच शेजाऱ्याच्या खिडकीचा विचार करावा. त्याच्या स्वयंपाकघराच्या, देवघराच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला खुराडे टेकवू नये. विहीर आणि पाण्याची टाकी यांपासूनही ते दूर असावे.

आरवण्याचा प्रश्न

शेजाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा कोंबड्याच्या आरवण्याची असते. याबाबत एक गैरसमज आढळतो. कोंबडीला अंडी घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. त्याची गरज फक्त अंडी फलित होण्यासाठी, म्हणजे पिल्लांसाठी असते. केवळ खाण्याची अंडी हवी असतील तर दाट वस्तीत कोंबडा न ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पिल्ले हवी असल्यास खेड्यातील ओळखीच्या घरून फलित अंडी आणून खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. त्यांतील नर आरवू लागण्यापूर्वीच त्यांची व्यवस्था लावावी.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण शास्त्रीयदृष्ट्याही खरी ठरली आहे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पहाटेचे आरवणे कोंबड्याच्या शरीरातील घड्याळावर चालते. उजेड दिसण्याच्या बऱ्याच आधी तो आरवू लागतो. त्याच संशोधकांनी पुढे असेही नोंदवले की, कळपातील सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या दर्जाप्रमाणे त्याच्यामागून आरवतात. म्हणजे तीन कोंबडे असतील तर एका हाकेच्या तीन हाका होतात. कोंबडा ठेवायचाच असेल तर एकच ठेवावा. रात्री त्याला हवा खेळेल अशा, पण अंधाऱ्या आणि जाड भिंतींच्या आडोशाला बंद करावे. त्यामुळे आरवणे थांबत नाही. बाहेर जाणारा आवाज काहीसा कमी होतो.

दुर्गंधी, माश्या आणि उंदीर

कोंबडीच्या विष्ठेला ओल लागली की अमोनियाचा उग्र वास सुटतो. म्हणून दुर्गंधी टाळणे म्हणजे खुराडे कोरडे ठेवणे. जमिनीवर लाकडाचा भुसा, भाताचे तूस किंवा भुईमुगाच्या शेंगांची कोरडी टरफले दोन-तीन इंच पसरावीत. पाण्याच्या भांड्याभोवती ओल होते तेथील थर रोज बदलावा. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून छपराची पावळी पुढे काढावी आणि खुराड्याचा तळ जमिनीपासून वीतभर तरी उंच ठेवावा.

उन्हाळ्याच्या दिवसांत माशीच्या अंड्यापासून नवी माशी तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. याचा अर्थ, आठवड्यातून किमान एकदा विष्ठा काढली तर माश्यांचे चक्र खुराड्यात पूर्ण होत नाही. काढलेले खत उघड्या उकिरड्यावर टाकू नये. पाला आणि माती मिसळून झाकलेल्या खड्ड्यात ते काही महिने कुजवावे. ताजे खत झाडांची मुळे जाळते. कुजलेले मात्र भाजीला आणि संत्र्याच्या झाडाला उत्तम. शेजाऱ्याला त्यातील घमेलेभर खत देण्याने गाऱ्हाण्याची धार बरीच बोथट होते.

सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. शेजारच्या घरात लहान मुले असतील तर ही भीती खरी असते. तिला हसण्यावारी नेऊ नये. मका व कणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, दाणे मोजून घालावेत आणि संध्याकाळी उरलेले उचलावेत. बुरशी धरलेला मका कोंबड्यांना मुळीच देऊ नये. त्यातील विषामुळे पक्षी मरतात.

कुंपणापलीकडची कोंबडी

उन्हाळ्यात अंगणात व गच्चीवर कुरडया, पापड, शेवया वाळत पडतात. दिवसभराच्या मेहनतीच्या या वाळवणावर दुसऱ्याची कोंबडी चालून गेली, तर त्या घरच्या गृहिणीचा संताप रास्तच म्हणावा लागेल. वांगी-मिरचीच्या वाफ्याचेही तसेच. मोकळ्या कोंबड्या किडे वेचतात हे खरे, पण त्या किडे आणि कोंब यांत भेद करीत नाहीत. फवारणी झालेल्या बागेत त्या शिरल्या तर विषबाधेने मरतात, आणि मग औषध मुद्दाम घातले की काय, असा संशय दोन घरांत कायमचा बसतो.

यावर उपाय जाळीचा. पाच-सहा फूट उंच जाळी, तळाशी वीतभर जमिनीत पुरलेली आणि वरूनही झाकलेली असावी. मुंगूस, रानमांजर आणि घार यांच्यापासूनही तिने संरक्षण होते. कोंबड्या मोकळ्या सोडायच्याच असतील तर संध्याकाळी, घरातील कोणीतरी समोर असताना तास-दीड तास सोडाव्यात. त्या अंधारापूर्वी आपोआप खुराड्याकडे परततात. नुकसान झालेच तर भरपाई मागण्याची वाट न पाहता आपण होऊन करावी.

सणवार आणि आहाराच्या मर्यादा

या भागात एकाच गल्लीत मांसाहारी घर आणि माळकरी, महानुभाव किंवा जैन घर शेजारी-शेजारी असू शकते. सौसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाला मानणारी अनेक कुटुंबे मंगळवार-शनिवार पाळतात. कोंबड्या पाळण्याला बहुधा त्यांची हरकत नसते. उघड्यावर कापणे, पिसे व आतडी नालीत टाकणे यांना असते. कापण्याचे काम आडोशाला करावे, अवशेष खोल पुरावेत आणि श्रावणात किंवा शेजारी एखादे व्रत असताना ते टाळावे. यासाठी कायदा शोधण्याची गरज नाही. शेजारधर्म पुरेसा आहे.

पक्षी आणण्यापूर्वीच शेजारी जाऊन, ‘काकाजी, परसात पाच कोंबड्या ठेवतो आहोत, काही त्रास वाटला तर आधी आम्हालाच सांगा,’ एवढे बोलून ठेवलेले बरे. आधी विचारलेल्या माणसाची तक्रार दारात येते. न विचारलेल्याची थेट कचेरीत जाते.

रोगराई लपवू नये

वरील सर्व बाबी मनस्तापाच्या आहेत. रोगाची बाब जिवाची आहे. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. अलीकडे हा रोग या टापूच्या दोन्ही बाजूंनी जवळ आला. नागपूरच्या गोरेवाडा येथे डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ विषाणूच्या संसर्गाने दगावले. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये छिंदवाडा शहरात पाळीव मांजरांत हाच विषाणू आढळला आणि तेथील चिकन बाजार बंद ठेवावा लागला. सौसर नेमके नागपूर-छिंदवाडा मार्गावर आहे. शेजाऱ्याची मांजर आपल्या खुराड्याभोवती फिरत असेल, तर मेलेली कोंबडी उघड्यावर फेकणे किती घातक, हे यावरून समजावे.

रोगाचे निदान झाल्यास उद्रेकाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिसरातील कोंबड्या नष्ट केल्या जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणून मर लपवणारा स्वतःचे नुकसान करतोच, आणि एक किलोमीटरच्या आतील प्रत्येक घराच्या कोंबड्याही पणाला लावतो.

एखादी कोंबडी इतर कारणाने मेली तर हात झाकून, कुत्री उकरणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. दोन-तीन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, तुरे व चेहरे निळसर पडले, डोकी सुजली किंवा अंडी एकदम बंद झाली, तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय रुग्णालयाला किंवा १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. नमुन्यांची अंतिम तपासणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्चसुरक्षा पशुरोग संस्थेत होते. आजारी पक्षी स्वस्तात आठवडी बाजारात विकणे हा सर्वांत वाईट मार्ग. त्याने रोग एका गल्लीतून दहा गावांत जातो.

बर्ड फ्लूपेक्षा नेहमीचा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत. त्यावर लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यात आर२बी ही लस देण्याची पद्धत आहे. देवीची लसही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. लसीच्या एका कुपीत अनेक पक्ष्यांची मात्रा असते आणि उघडलेली कुपी ठेवता येत नाही. त्यामुळे गल्लीतील सर्वांनी एकाच दिवशी मिळून लस टोचून घेणे खर्चाच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. बाजारातून आणलेला नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा.

तक्रार झालीच तर

वाद विकोपाला गेल्यास कायदा दोन्ही बाजूंना मार्ग देतो. सार्वजनिक उपद्रव ठरणारी गोष्ट दूर करण्याचा सशर्त आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १३३ होते. मध्य प्रदेशात १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. शहरात नगरपालिकेचे आणि खेड्यात ग्रामपंचायतीचे नियम आधीच विचारून घेणे हिताचे.

उलटपक्षी, त्रासाला कंटाळून दुसऱ्याच्या कोंबड्यांना विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कोंबड्यांची झुंज लावणे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार दंडनीय आहे.

कचेरीतून निकाल लागला तरी भिंत सामाईकच राहते. म्हणून तक्रार आल्यावर आठ-पंधरा दिवसांची मुदत मागून घ्यावी, कोंबडा हलवणे, खुराडे सरकवणे किंवा जाळी वाढवणे यांपैकी जे शक्य ते करावे आणि मुदत संपल्यावर आपण होऊन शेजाऱ्याला विचारावे. एवढे करूनही त्रास कमी झाला नाही, तर त्या जागेत तेवढे पक्षी बसत नाहीत असे समजून त्यांची संख्या घटवावी.