35 तास

मद्रास रेड ही चेन्नई आणि आसपासच्या तिरुवल्लूर, कांचीपुरम, चेंगलपट्टू भागातली मेंढी. अंगावर लोकर नाही, तांबूस आखूड केस. मादीला शिंगं नाहीत. पूर्ण वाढलेली मादी साधारण 25 किलोची. पुढचा घटनाक्रम कुठल्या एका गोठ्याची नोंद नाही. अन्नामुळे होणाऱ्या एका आजाराचा पशुवैद्यकाला माहीत असलेला क्रम इथे चेन्नईबाहेरच्या एका छोट्या गोठ्यात, एका मेंढीवर, घड्याळासह मांडला आहे. शेवटी मेंढी मरते.

मट्टू पोंगल, संध्याकाळी 5:30

जानेवारीचा मध्य. आपल्याकडे पोळ्याला बैलांचं करतात तसं इथे आज गुराढोरांचं कौतुक. गाईला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, गळ्यात हार घातला. तिला घासभर गोड पोंगल भरवला: तांदूळ, मूगडाळ, गूळ, तूप. पातेल्यात चारेक किलो उरला.

5:50

उरलेलं घमेल्यात काढून मेंढीपुढे ठेवलं. एरवी ती दिवसभर बांधावर चरते. धान्य मिळालंच तर मूठभर. शेजारीण कुंपणापलीकडून म्हणाली, "अम्मा, एवढं नको घालू." घरातून उत्तर आलं, "वर्षातनं एकदाच तर असतं." वीस मिनिटांत घमेलं चाटूनपुसून साफ.

चार किलो शिजलेल्या अन्नात कोरडा माल साधारण 1.3 किलो. मेंढीच्या वजनाच्या दर किलोला 50 ते 60 ग्रॅम भरडलेलं धान्य एकदम पोटात गेलं तर अशक्त जनावर दगावू शकतं. 25 किलोच्या मेंढीसाठी हा हिशेब 1.25 ते 1.5 किलोचा.

6:50. पहिला तास

मेंढी ठणठणीत आहे. उपाय अजून घरात आहे. पुढचं खाणं बंद करून नुसता वाळला चारा ठेवायचा, जनावर थोडं फिरवायचं, आणि पशुवैद्याला फोन करून वजनाच्या दर किलोला साधारण 1 ग्रॅम या बेताने खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, ठसका लागू न देता पाजायचा. 25 ग्रॅम सोडा. पण कोणालाच काही बिघडल्यासारखं वाटत नाही.

रात्री 11:50. सहावा तास

गोठ्यात अंधार. कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, गवत पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांची जागा पिष्ट आणि साखरेवर वाढणारे जिवाणू घेऊ लागले आहेत. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. कोटीपोटाचा सामू एरवी 6 ते 7 असतो. तो घसरतो आहे. 5 च्या खाली गेला की चारा पचवणारे जीव मरतात, आणि आम्ल सोसणारे दुसरे जिवाणू आणखी आम्ल करत राहतात.

पहाटे 5:50. बारावा तास

मेंढी उभी आहे, पण रवंथ करत नाही. डावी भकाळी भरलेली. "काल पोटभर खाल्लंय, म्हणून सुस्तावली असेल." पुढ्यातल्या गवताला ती तोंड लावत नाही. मग तिला आवडते म्हणून भाताची पेज ठेवतात. चार घोट पिते. कालच्या पिष्टात आज थोडी भर.

सकाळी 9:00

कळपात मिसळत नाही. मान खाली. लेंड्या नाहीत, शेण पातळ पडतं. जवळचा सरकारी दवाखाना सणामुळे बंद. उद्या दाखवू, असं ठरतं.

11:50. अठरावा तास

करकर दात खाते. पोट दुखत असल्याची ती खूण. हगवण आता पाण्यासारखी, आंबूस वासाची. पोटफुगी समजून शेंगदाण्याचं तेल पाजतात. पण हा वायू कोंडल्याचा आजार नाही. आंबलेल्या घट्ट द्रावाकडे रक्तातलं पाणी ओढलं जातंय. कोटीपोट भरतंय आणि शरीर कोरडं पडतंय.

दुपारी 3:50. बाविसावा तास

चालताना झोकांड्या जातात. डोळे खोल गेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच राहते. आता 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन जातो.

5:50. चोविसावा तास

पशुवैद्य भकाळीवर मूठ दाबतात. आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो. ताप नाही, उलट 102-103 ऐवजी 100 अंश फॅरनहाइट. सुईने काढलेला द्राव दुधट करडा, उग्र आंबट. सामूची पट्टी 4.5 दाखवते. पहिला प्रश्न: "काय खाल्लं, आणि किती वाजता?"

शिरेतून सोडा-बायकार्बोनेट आणि सलाइन. बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. तोंडावाटे सोडा. निरोगी मेंढीच्या कोटीपोटातला द्राव, म्हणजे मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या जागी नवे. पोट उघडून अन्न काढण्याची शस्त्रक्रिया करायची तर लवकर करावी लागते. आता तिला भूल सोसणार नाही.

रात्री 8:30

सलाइन संपतं. मेंढी कान हलवते, हाकेला मान वळवते. घरातल्यांना आशा वाटते. रवंथ मात्र नाही.

11:50. तिसावा तास

बसली ती उठेना. कुशीवर कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना भाताचा पेंढा भरलेली पोती लावतात. दर दोन तासांनी कूस बदलतात. घरातली बाई मागचं अंग कोमट पाण्याने पुसते, अंगावर गोणपाट घालते. शुश्रूषेत आता कसर नाही.

पहाटे 3:10

मान कुशीकडे वळलेली. कान गार. डोळ्यापुढे बोट नेलं तरी पापणी लवत नाही.

4:40

श्वास थांबतो. घमेलं पुढे ठेवल्यापासून 34 तास 50 मिनिटं.

या वेळात मेंढीवर औषधोपचार झाले, माणसं रात्रभर जागली, पैसाही खर्च झाला. हे सगळं चोविसाव्या तासानंतर. लक्षणं साधारण बारा तासांनंतर दिसू लागतात, तोवर आतलं आम्ल पुष्कळ पुढे गेलेलं असतं. म्हणून या आजारात लक्षणांची वाट पाहायची नसते. जनावराने एकदम धान्य, भात, पेज किंवा पुरणपोळ्या खाल्ल्या असं कळलं, की ते कितीही ठणठणीत दिसो, वेळ आणि अंदाजे वजन लिहून ठेवायचं आणि त्याच तासाला पशुवैद्याला फोन करायचा. सणाचा घास जरूर भरवावा. तो घासच असावा, आणि उरलेलं पातेलं गोठ्यात नेऊ नये.