दुखण्याचं गेट

ओटीपोटाचं दुखणं कुणाला सांगणार? ऑफिसात "पाठ धरलीय" म्हणत दीड वर्षं वेळ मारून नेली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. शेवटी वाशीच्या फिजिओबाईंनी टेन्सचं मशीन दिलं. मोबाईलएवढा डबा, चार चिकट पॅड. लावलं की मुंग्या आल्यासारखं होतं.

मला वाटलं, काहीतरी नवीन फॅड असेल. कसलं काय! इ.स. ४७च्या सुमारास स्क्रिबोनिअस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर जिवंत विजेचा मासा लावायला सांगायचा! पटेल असं स्पष्टीकरण मात्र यायला १९६५ साल उजाडलं. मेलझॅक आणि वॉल म्हणाले, मज्जारज्जूत एक 'गेट' असतं. स्पर्शाचे सिग्नल वाढले की वेदनेचे अडतात. (ठेच लागल्यावर आपण चोळतो, ते उगाच नाही.) १९६७ मध्ये वॉल आणि स्वीट यांनी रुग्णांच्या नसांना सौम्य वीज देऊन ते तपासलं.

मशीन बंद केलं की माझं दुखणं हळूहळू परततं. म्हणजे बग तसाच, फक्त अलार्म म्यूट. पण तेवढ्या वेळात नीट बसता येतं, हेही थोडं नाही. (पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.)

आणि हो, आता कुणी विचारलं तर पाठ नाही, ओटीपोट म्हणूनच सांगतो.