पिस्टनवरील ओरखडे

हैदराबादचा इतिहास आपण चारमिनारच्या दगडांत, नाहीतर सालारजंगांच्या संग्रहालयात शोधतो. आज मला आपले लक्ष मिस्त्रीच्या बाकावर पडलेल्या एका जळक्या पिस्टनकडे वेधावयाचे आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरातील कितीतरी रिक्षावाल्यांची चूल त्या मुठीएवढ्या दट्ट्यावर अवलंबून होती.

दोन धावांच्या एंजिनाचे पेटंट ड्युगाल्ड क्लार्कने १८८१ मध्ये घेतले. दहाएक वर्षांनी जोसेफ डे याने इंधनमिश्रित हवा क्रँकच्या पेटीतूनच वर ढकलण्याची युक्ती काढली. एंजिन सुटसुटीत झाले खरे. पण वंगणाचा साठा ठेवावयास जागा उरली नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागले. या एका सोयीतून पुढची सारी दुखणी उद्भवली.

१९५९ साली बजाज कंपनीस दुचाकी व तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळाला आणि आकुर्डीच्या रिक्षा गावोगाव पोचल्या. हैदराबादेतही ‘ऑल्विन पुष्पक’ या नावाची स्कूटर एके काळी विकली जाई. दख्खनची धूळ आणि वैशाखाचे ऊन यांची गाठ या एंजिनांशी पडली. रिक्षा बहुधा शेठजीची. चालकाने रोजचे भाडे भरावयाचे. एंजिन धरले की भाडेही बुडे आणि दुरुस्तीचाही भुर्दंड पडे.

अशा वेळी नवा पिस्टन बसवून देणारे पुष्कळ. जुना वाचणारे थोडे. वास्तविक निदान तेथेच लिहिलेले असते. पिस्टनच्या अंगावर चार ठिकाणी सारखे ओरखडे दिसले, तर थंड एंजिन एकदम पळविल्याने पिस्टन सिलिंडरच्या आधी फुगला असे समजावे. धुराच्या बाजूसच खरवड असेल तर तेल कमी पडले असावे, किंवा उष्णता फार वाढली असावी. हवा जिकडून शिरते तिकडची बाजू राखाडी, निस्तेज झिजली असेल तर गाळणीतून धूळ गेली. माथ्याला भोक पडले तर हवा जास्त व पेट्रोल कमी, चुकीचा प्लग, किंवा फार आधी पडणारी ठिणगी यांवर संशय घ्यावा. पेट्रोल वाचविण्यासाठी लहान जेट बसविणाऱ्यांनी असे पिस्टन पुष्कळ पाहिले असतील!

तेलाचीही गंमत आहे. धास्तीने दुप्पट तेल ओतणाऱ्याला आपण एंजिनाची सेवा करतो असे वाटे. पण त्याच जेटमधून तेल अधिक गेले की पेट्रोल तेवढे कमी जाते आणि एंजिन उलट तापते. शिवाय धुराच्या वाटेत काजळी साचते, ती निराळीच. दिल्लीत सुट्या तेलाची विक्री बंद करून पंपावर तयार मिश्रणच द्यावे, असा आदेश १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला, तो हवेच्या प्रदूषणासाठी.

बंजारा टेकडीचा उतार हा दुसरा वैरी. चालक गिअरमध्येच गाडी सोडतो, मूठ मिटतो. चाके एंजिनाला वेगाने फिरवितात, पण पेट्रोल बंद म्हणून तेलही बंद. पायथ्याशी येता येता एंजिन धरते. जाणता मिस्त्री म्हणूनच एंजिन उघडण्यापूर्वी विचारी, “भाई, चढावर बंद पडली की उतारावर?”

सर्वांत फसवे दुखणे क्रँकच्या दोन बाजूंच्या ऑइल-सीलांचे. गिअरच्या बाजूचे सील गेले तर गिअरचे तेल आत ओढले जाते, पांढरा धूर निघतो आणि प्लग तेलकट होतो. मॅग्नेटोच्या बाजूचे गेले तर धुराची खूण नाही. नुसती हवा शिरते आणि मूठ सोडली तरी एंजिन भणाणत राहते. हे न पाहता सिलिंडर लेथवर नेला, नवा पिस्टन घातला, तर तोही थोड्याच दिवसांत धरतो. रबराची ती कडी पिस्टनच्या मानाने कितीतरी स्वस्त असते.