‘कपात’ या शब्दाची किंमत

नोटीस आणि भरपाई म्हटलं की नागपूरकरांना १८७७ साली सुरू झालेली आणि २००२ मध्ये बंद पडलेली एम्प्रेस मिल आठवते. पण उद्योगच बंद झाला, तर कामगाराला भरपाई मागता येते, हा हक्क आला कुठून? त्यासाठी आपल्याला बार्शी लाइट रेल्वेकडे जावं लागेल.

२४ ऑक्टोबर १९५३ च्या अध्यादेशानं औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कपातीचे नियम आले. वर्षभर सलग नोकरी झालेल्याला कमी करायचं, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यायचा. शिवाय दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. म्हणजे दहा वर्षांचे १५० दिवस. या दोन रकमा वेगळ्या आहेत, बरं का! नोटीस ही पुढची सोय बघायला मिळालेली मुदत, आणि भरपाईचा हिशेब मागच्या वर्षांचा.

अध्यादेशाला तीन आठवडेही झाले नव्हते. ११ नोव्हेंबरला बार्शी लाइट रेल्वे कंपनीनं सगळ्या कामगारांना नोटीस दिली: १ जानेवारी १९५४ पासून रेल्वे सरकारकडे जाणार, तुमची नोकरी ३१ डिसेंबरला संपते. पुष्कळांना सरकारनं पुन्हा कामावर घेतलंही. पण कंपनीतल्या मागच्या वर्षांचं काय? कामगारांनी भरपाई मागितली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

आम्ही तर्कशास्त्रात शब्दाची व्याप्ती शिकवायचो. इथे तिच्यावर घरं अवलंबून होती. कायद्यातली व्याख्या म्हणते, ‘कोणत्याही कारणाने’ कामावरून कमी करणं म्हणजे कपात. न्यायालयानं २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सांगितलं, की कपात चालू उद्योगातच होते. मालकाचा उद्योगच संपला, तर ती कपात नव्हे. भरपाई नाही.

मग १९५७ मध्ये सरकारनं कायदा दुरुस्त केला. उद्योग बंद झाला किंवा हस्तांतरित झाला, तरी नोटीस आणि भरपाई द्यायची. नव्या मालकाकडे नोकरी अखंड, पूर्वीच्याच अटींवर आणि जुनी वर्षं धरून चालू राहिली, तर मात्र नाही. अंमल कधीपासून? २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून! ज्यांच्या दाव्यामुळे ही उणीव दिसली, ते कामगार त्या तारखेच्या अलीकडेच राहिले.

आजच्या औद्योगिक संबंध संहितेतही कपात, बंद आणि हस्तांतरण यांच्या तरतुदी वेगवेगळ्या आहेत. म्हणून कुणाच्या हाती असं पत्र आलं, तर रक्कम नंतर बघा. आधी त्यात शब्द कोणता घातलाय, तो वाचा.