लेस्लीचा आक्षेप

पृष्ठभागांवरील सूक्ष्म उंचवटे परस्परांत अडकतात म्हणून घर्षण होते, ही उपपत्ती कुलोमच्या १७८५ च्या प्रबंधामुळे रूढ झाली. तिच्यातील वर्म स्कॉटिश पदार्थवैज्ञानिक जॉन लेस्ली याने १८०४ मध्ये दाखविले. उंचवटा चढताना जे कार्य खर्ची पडते ते उतरताना परत मिळावयास हवे. मग हानी होते ती कोठे? घर्षणातून अखंड उष्णता निघते हे तर रम्फर्डने १७९८ मध्येच तोफा कोरताना सिद्ध केले होते.

ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळावयास सव्वाशे वर्षे लागली. जर्मनीत प्रांट्‌लने १९२८ मध्ये व इंग्लंडात टॉमलिन्सनने १९२९ मध्ये ते दिले. पृष्ठभाग सरकू लागला तरी अणू आपल्या खळग्यात अडून राहतो. ताण वाढत जातो. आणि सीमा ओलांडताच अणू एकाएकी पुढील खळग्यात झेप घेतो. तो सावकाश उतरता तर लेस्लीचा हिशेब जुळला असता. झेपेत मात्र साठलेली ऊर्जा अणूच्या कंपनांत जाते, ती कंपने स्फटिकजालात पांगतात, आणि तीच उष्णता होय. ‘घर्षण’ शब्दातील ‘घृष्’ धातू घासण्याचा वाचक असला, तरी येथे कणभरही काही झिजावे लागत नाही.

कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये टंगस्टनचे टोक ग्रॅफाइटवरून ओढले असता घर्षणबल अणुजालाच्या अंतराप्रमाणेच कमीजास्त होताना आढळले. उपपत्तीचा दुसरा निष्कर्ष असा, की अणूला ओढणारा बंध पुरेसा ताठ वा खळगा पुरेसा उथळ असल्यास झेप होणारच नाही. बाझेल येथे २००४ मध्ये मिठाच्या स्फटिकावर टोकाचा भार घटविताच ऊर्जेची हानी मोजता येईनाशी झाली.