मावळचीं चित्रें आणि पहिला पैसा

कार्ल्याचें लेणें पाहावयास जाणारे बहुतेक लोक चैत्यगृहाची भव्य कमान व छताच्या सागवानी फांसळ्या पाहून चकित होतात आणि तेवढ्यावर समाधान मानून डोंगर उतरतात. खांबांवरील अक्षरें वाचीत बसणारा विरळा. आम्ही कित्येक वर्षें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस मळवली स्टेशनावर उतरवून तेथें नेत आलों आहों, आणि दर खेपेस तीं अक्षरेंच आधीं दाखवितों. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल सांगतो कीं हें शैलगृह आपण पुरें केलें. दारापुढील सिंहस्तंभ अग्निमित्रणक नांवाच्या महारठीचा. आंतील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनीं दिलेले असून प्रत्येकानें आपल्या खांबावर आपलें नांव कोरविलें आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंच्या योगक्षेमासाठीं एक गांव लावून दिलें. सावकार, सरदार, परदेशी व राजसत्ता अशा चौघांच्या द्रव्यानें एक वास्तु उभी राहिली, आणि कोणाचा वांटा कोणता, हें दोन हजार वर्षांनंतरही वाचतां येतें.

दोन किंवा अधिक देशांच्या भांडवलानें निघणाऱ्या चित्रपटांत सरकारी पैसा असावा कीं नसावा, या वादांत कार्ल्याचें नांव कोणी घेत नाहीं. आणि घेण्याचें कारणही नाहीं, असें वाचक म्हणतील. परंतु या वादाचीं मुळें आम्हांस याच खोऱ्यांत सांपडतात.

राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला व तो पुढें मळवलीस आणला. यंत्रें जर्मनीचीं, तंत्रज्ञ जर्मन, चित्रें मात्र आमच्या लक्ष्मी-सरस्वतींचीं. देवघरांत मूर्ति ठेवण्याची ऐपत नसलेल्या घरांच्या भिंतीवरही हे रंगीत देव जाऊन बसले. खप मोठा, तरी कर्ज त्याहून मोठें झालें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं कारखाना पुनर्मुद्रणाच्या हक्कांसह फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं गेला. श्लायखरला आम्ही दोष देत नाहीं. त्यानें धंदा नेटानें चालविला. पण देव आमचे, चित्रकार आमचा, पूजा करणारेही आमचेच, आणि तें चित्र पुन्हां छापण्याचा अधिकार दुसऱ्याचा, अशी स्थिति झाली हें खरें. १९७२ सालीं तो कारखाना आगींत जळाला.

याच कारखान्याच्या आश्रयानें लोणावळ्यास एक छोटा छापखाना निघाला. पुरातत्त्व खात्यांतील नोकरी सोडून आलेले धुंडिराज गोविंद फाळके तेथें चित्रांचे ठसे करीत. डॉ. भांडारकरांसारख्या विद्वानाचा त्यांस पाठिंबा होता. पुढें तो धंदा दादरला गेला, फाळके जर्मनीस जाऊन यंत्रें पाहून आले, भागीदारांशीं बिनसलें, आणि अखेर तो मनुष्य चित्रपटाकडे वळला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्याचा पहिला पैसा कोठून आला हें फार थोड्यांस ठाऊक असतें. विम्याच्या पॉलिशीवर काढलेलें कर्ज आणि सरस्वतीबाईंचे दागिने! धनिकांचें मन वळविण्यासाठीं त्यांनीं कुंडींत एक दाणा पेरून त्याचा अंकुर वाढत जाण्याचा लहानसा पट काढला होता. १९१४ सालीं फाळके आपलीं चित्रें घेऊन लंडनला गेले तेव्हां तेथेंच राहून चित्रें काढावीं, अशी मागणी त्यांस झाली; ती नाकारून ते परत आले. इतक्यांत महायुद्ध पेटलें आणि येथील भांडवलदारही मागें सरले. परक्याचा पगार नको म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीशीं स्वदेशाची तिजोरी नव्हती. असणार कशी? तिजोरीची किल्ली साहेबाच्या कमरेला होती.

त्या साहेबानें १९२७ सालीं चित्रपटांच्या चौकशीसाठीं मद्रासचे दिवाण बहादुर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. अमेरिकन चित्रांची लाट थोपवून साम्राज्यांतील, म्हणजे मुख्यतः इंग्लंडच्या, चित्रांना येथें वाट करून द्यावी हा अंतस्थ हेतु होता. आंतरराष्ट्रीय सहकार्याचा हाही एक प्रकार म्हणावयाचा. फक्त त्यांत बाजार आमचा आणि माल त्यांचा. समितींतील भारतीय सभासदांनीं ती सवलत मान्य केली नाहीं. उलट येथील निर्मात्यांस सरकारनें कर्जाऊ पैसा पुरवावा असें सुचविलें. इंग्रज सभासदांनीं भिन्न मत नोंदविलें व १९२८ चा तो अहवाल दप्तरांत पडून राहिला. ती सूचना अमलांत येण्यास १९६० साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं चित्रपट वित्त महामंडळ स्थापन झालें; १९८० मध्यें तें राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें.

या नव्या महामंडळाची पहिली मोठी कसोटी म्हणजे रिचर्ड अटेनबरो यांचा 'गांधी'. गृहस्थ १९६२ पासून या विषयाच्या मागें लागले होते आणि पाश्चात्य स्टुडिओ त्यांना दारांतूनच परत पाठवीत होते. भारताच्या महामंडळानें मोठा वांटा उचलला तेव्हां गाडें हललें. येथें केवढें काहूर माजलें! आमच्या निर्मात्यांस कवडी मिळत नसतां इंग्रजाच्या चित्रास कोट्यवधि रुपये कां, हा प्रश्न चित्रपटव्यवसायांतील अनेकांनीं उघडपणें केला. आम्हीही त्या वेळीं तरुणपणाच्या भरांत त्यांच्याच बाजूचे होतों. आज तें मत आम्हांस टिकवितां येत नाहीं. चित्र १९८२ सालीं निघालें, त्यास आठ ऑस्कर मिळाले, आणि त्यांतील एक वेषभूषेसाठीं जॉन मोलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथय्या यांस मिळाला. भारतीय व्यक्तीस मिळालेला तो पहिला. कस्तुरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडींची. मुख्य गोष्ट ही कीं महामंडळ तेथें देणगीदार नव्हतें, भागीदार होतें. नफ्याचा वांटा आला आणि त्यांतून चित्रपटकलावंतांच्या साह्यासाठीं निधि उभा राहिला. मळवलीस जें घडलें नाहीं तें येथें घडलें. (अथय्याबाईंनीं मात्र २०१२ सालीं आपली ती ऑस्करची बाहुली अमेरिकेंतील अकादमीकडेच सांभाळण्यास परत दिली, आपल्या मागें ती येथें नीट राहील असा भरंवसा त्यांना वाटेना. यावर भाष्य नको.)

दुष्काळी तालुक्यांतून गोळा होणारा कर नटनट्यांवर कां उधळावा, हा आक्षेप मात्र हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. महामंडळाच्या पैशानें निघालेले कित्येक चित्रपट कोणीही न पाहतां डब्यांत पडून राहिले, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु फ्रान्सचा मार्ग पाहा. तेथें १९४६ पासून याच कामाची एक राष्ट्रीय संस्था आहे. खेळ फ्रेंच असो वा अमेरिकन, प्रत्येक तिकिटावरील ठराविक भाग तिच्याकडे जातो, आणि त्यांतून इतर देशांच्या दिग्दर्शकांसही साह्य मिळतें. म्हणजे शेतकऱ्याच्या करास हात न लावतां प्रेक्षकाच्याच पैशानें पुढचें चित्र निघतें. आमच्याकडे तिकिटांवरील करमणूक कर वर्षानुवर्षें सर्वसाधारण तिजोरींत गेला; मराठी चित्रपटांस त्याचा परतावा मिळूं लागला, पण चित्र पडद्यावर लागून तिकिटें खपल्यावर.

पुन्हां मावळाकडे येऊं. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, जुन्नर, अकोले या भागांतले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं घातलेला हा पायंडा. या लोकांच्या हातून चुकून भलत्याच्या मेजावर गेलेल्या एका डब्याची कथा रितेश बात्रा यांनीं २०१३ सालीं 'दि लंचबॉक्स' मध्यें सांगितली. त्यांत आमचें महामंडळ, खाजगी भारतीय निर्माते, फ्रेंच संस्था व जर्मन संस्था असे वांटेकरी होते. मावळ्यांच्या घामाची गोष्ट सांगणारें तें चित्र कान येथें गाजलें आणि परदेशांतही त्यास मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला. भारताची तिजोरी तेथें आरंभापासून होती, एवढें आम्ही अधोरेखित करूं इच्छितों.

याच्या उलट उदाहरण २०२४ चें. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्या जुन्या आवारांत आहे. तेथील विद्यार्थिनी पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' ला कानचा ग्रां प्री मिळाला. मुंबई व रत्नागिरी येथें घेतलेलें हें चित्र कागदोपत्रीं भारत-फ्रान्स करारांतलें. तथापि त्यास लिखाणाच्या अवस्थेंतील आधार रॉटरडॅमच्या ह्यूबर्ट बाल्स निधीनें दिला, आणि पुढें फ्रान्स, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांचे निर्माते सामील झाले. पारितोषिक जाहीर होतांच, नियमास पात्र अशा खर्चाच्या ३० टक्क्यांस आम्ही अंतरिम मंजुरी दिली आहे, असें भारत सरकारनें प्रसिद्ध केलें. तेंही खरें आहे. पण त्या वर्षीं ऑस्करसाठीं भारताचें चित्र म्हणून दुसरेंच निवडलें गेलें, आणि हें चित्र दिसावयास युरोपीय वाटतें असा सूर येथें निघाला. वाटणार नाहीं तर काय होईल? बी पेरतांना जो पाणी घालतो, झाडास त्याच्या अंगणाचा वास येणारच.

सरकारची ही योजना २०२२ सालीं जाहीर झाली. मर्यादा दोन कोटींची होती. २०२३ च्या अखेरीस गोव्यास ती ४० टक्के व ३० कोटींपर्यंत वाढविण्यांत आली. रक्कम थोर आहे, हेतु चांगला आहे. पण हा परतावा आहे. ज्यानें आधीं खर्च केला त्यालाच तो मिळावयाचा. विम्याच्या पॉलिशी घेऊन सावकाराच्या दारीं उभ्या असलेल्या माणसास त्याचा काय उपयोग? १९२८ च्या समितीनें कर्ज म्हटलें होतें, १९६० च्या महामंडळानें कर्ज दिलें, 'गांधी' त आम्ही भागीदार झालों. आणि आतां आम्ही खर्चाची पावती मागणारे झालों आहों. परतावा राहूं द्यावा, परंतु त्यांतील एक लहान हिस्सा तरी संहिता हातीं घेऊन आलेल्या होतकरूस आगाऊ, वांटेकरी या नात्यानें द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

गेल्या हिवाळ्यांतील सहलींत मावळांतलाच एक विद्यार्थी होता. त्याचे चुलते चर्चगेटला डबे पोंचवितात. यवनाच्या खांबावरील अक्षरें आम्ही वाचून दाखविल्यावर तो म्हणाला, "सर, हे लोक पैसे काम सुरू होण्यापूर्वीं देत, कीं खांब उभा राहिल्यावर?" लेखांत फक्त दान लिहिलें आहे, केव्हां दिलें तें लिहिलेलें नाहीं, असें आम्ही सांगितलें. तो बराच वेळ त्या खांबाशींच उभा राहिला. मळवलीची गाडी गांठावयाची होती, म्हणून आम्हीं मुलांस हांक मारली.