नीरा खोऱ्यातील क्षारपड जमीन आणि चारा-गवते : एक ऐतिहासिक मागोवा

१८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण भागाला आधार म्हणून नीरा डावा कालवा काढण्यात आला. १८८० च्या दशकात त्याचे पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांत खेळू लागले. ज्वारी-बाजरी जगवावी, हा मूळ हेतू. परंतु पाऊसपाणी बरे असलेल्या वर्षी कोरडवाहू शेतकरी पैसे मोजून कालव्याचे पाणी घेईना. त्यामुळे महसुलाच्या दृष्टीने उसास उत्तेजन मिळाले आणि दुष्काळनिवारणाचा कालवा हळूहळू उसाचा कालवा बनला.

खोल काळ्या जमिनीत निचरा मुळातच मंद. त्यात बारमाही पाणी मुरत राहिल्याने भूजलाची पातळी चढली व पाण्याबरोबर आलेले क्षार बाष्पीभवनानंतर पृष्ठभागावर साचले. याला शेतकऱ्यांच्या बोलीत 'मीठ फुटणे' असा नेमका शब्द आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे सी. सी. इंग्लिस या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांवरील निचऱ्याच्या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

या साऱ्या इतिहासात चर, पाणीपाळ्या आणि ऊस यांची चर्चा विपुल आहे. गवताला मात्र दुय्यम स्थान मिळाले. याचे कारण केवळ शास्त्रीय नाही. उसाखालून गेलेल्या रानात गवत लावणे म्हणजे जमीन गेली हे चारचौघांत कबूल करणे होय. शिवाय उसाचे वाढे जनावरांना आयतेच मिळत असल्याने चाऱ्यासाठी वेगळे क्षेत्र राखण्याची निकडही बागायतदारास वाटली नाही. १९७२ च्या दुष्काळात मात्र चाऱ्याचे मोल सर्वांनाच उमगले.

वास्तविक उष्ण व उपोष्ण कटिबंधातील काही गवते अशा जमिनीत तग धरतात. आफ्रिकेतून जगभर गेलेल्या ऱ्होड्स गवताच्या पानांत क्षार बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. कर्नाल गवतही असेच क्षार उत्सर्जित करते. चोपण जमिनीत त्याची वाढ विशेष चांगली होते. पॅरा गवत पाणथळ जागी फोफावते, ऱ्होड्स मात्र फार काळ साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून सरसकट शिफारस फसवी ठरते.

या गवतांचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. मुळांच्या श्वसनातून निघणाऱ्या कर्बवायूमुळे जमिनीतील चुनखडी थोडीथोडी विरघळते. मोकळे झालेले कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेते आणि घट्ट झालेली माती पुन्हा भुसभुशीत होऊ लागते. नीरा खोऱ्यातील काळ्या मातीत चुनखडीची वाण नाही. जिप्सम विकत आणून जे साधायचे, त्याचा काही अंश गवत विनामूल्य करते, अर्थात सावकाश. मात्र सुटलेला सोडियम धुऊन बाहेर जाण्यास चर हवाच. गवत हा निचऱ्याचा पर्याय नव्हे.

येथेच एक विसंगती आढळते. पॅरा गवत निचऱ्याच्या चरांत आपोआप माजते. ज्याला रानात जागा देण्यास शेतकरी नाखूष असतो, तेच गवत चर तुंबवून शेजारच्या उसात पाणी चढवते आणि भूमिहीनांच्या शेळ्या-म्हशींसाठी मात्र तोच हिरवा चारा ठरतो.